चिनी कंदील, बिंगोचे चौकोन आणि ‘अजून एक फिरकी’ – कुणी खेळलंय का?

मृण्मयी_लेस्टर | रवि, २२/०२/२०२६ – २१:४०

नमस्कार मंडळी. पाच-सहा वर्षं इथे नुसती वाचते आहे. धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

इथे डिसेंबरात चार वाजताच काळोख होतो. नवरा रात्रपाळीला, पोरगं झोपलेलं, आणि मी फोन घेऊन पांघरुणात. अशाच एका रात्री हा खेळ सापडला. बिंगो आणि स्लॉट मशीनचं लग्न लावलंय असं समजा, आणि लग्नाचा मांडव चिनी. लाल पडदा, सोनेरी काठ, दोन्ही बाजूंना कंदील. मध्ये पाच बाय पाचचे पंचवीस चौकोन. पहिल्या उभ्या रांगेत १ ते १५ मधले पाच आकडे, दुसरीत १६ ते ३० मधले, असं करत ७५ पर्यंत. खाली पाच खिडक्या. बटण दाबलं की खिडक्यांत आकडे गरगरतात. थांबलेला आकडा वरच्या रांगेत असला तर तो चौकोन उलटतो आणि तिथे मध्ये भोक असलेलं सोन्याचं नाणं दिसतं.

जोकर म्हणजे गुटगुटीत हसरं बाळ. ते आलं की त्या रांगेतला हवा तो आकडा आपण निवडायचा. ड्रॅगन आला तर पंचविसांतला कुठलाही. ओळ भरली की झांज वाजते आणि बाजूच्या शिडीवर एक पायरी उजळते.

मी बघितलं आणि म्हटलं, अरे ही तर आपली हाऊजी! तिथेच फसले.

५० पेन्सला दहा फिरक्या. त्या संपल्या की बटणाचा रंग बदलतो आणि त्यावरच किंमत येते: अजून एक फिरकी, १४ पेन्स. मग १९. मग ३१. ओळी जितक्या जास्त तितकी किंमत चढी. १७ तारखेला चिनी नववर्ष होतं, त्या रात्री पडद्यावर फटाके लावले होते. माझ्या दहा ओळी झालेल्या, एकच आकडा उरलेला, ५३. दहा ओळींचे १० पौंड जमा, ५३ लागला तर फुल हाऊस, ६० पौंड. एका फिरकीची किंमत ३.८५. मी नऊ फिरक्या घेतल्या. ५२ आला, ५४ आला, ५२ परत आला. ५३ नाही आला. ३४ पौंड ६५ पेन्स गेले, ते १० हातात घेऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी बँकेचं खातं काढून बसले. सात आठवड्यांत दहा-दहा पौंड ४३ वेळा भरलेत, १८ पौंड परत काढलेत. म्हणजे ४१२ गेले. दिवसभर दुसऱ्यांच्या पगाराचे हिशेब करते मी, एक पैसा इकडचा तिकडे होऊ देत नाही.

नवऱ्याला सांगितलंय. तो ओरडला नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. मला एवढंच समजून घ्यायचंय की हाऊजीत आयुष्यात कधी शंभर रुपयांच्या वर गेले नाहीत, मग इथे काय झालं?

---

गिरगावकर_काका | २२/०२ – २२:०५

मृण्मयीताई, सांगितलंत हे धाडसाचं. आमच्या चाळीत गणपतीत हाऊजी व्हायची. तिकीट दोन रुपये, पुकारायला पहिल्या मजल्यावरचे बंडूनाना. ११ ला ‘लेग्ज इलेव्हन’, ८८ ला ‘टू फॅट लेडीज’, आणि ते म्हणताना कोणाकडेही बघायचं नाही असा त्यांना काकूंचा दम होता. जल्दी पाच, चार कोपरे, तीन ओळी, फुल हाऊस. रात्री साडेदहाला सगळं आटपून आरतीची भांडी घासायला बायका मोकळ्या.

तिथे कोणी बुडालं नाही. आमचा एक मामा मात्र मटक्यात बुडाला. स्वप्नात साप दिसला तर कुठला आकडा, हे त्याला तोंडपाठ होतं.

---

खुसखुशीत | २२/०२ – २२:११

फिरकी कोण कोणाची घेत होतं ते कळलं ना शेवटी? (हलकेच घ्या.)

---

आकडेमोड | २२/०२ – २३:३२

धागाकर्तीचा प्रश्न चांगला आहे आणि उत्तर एका वाक्यात देता येतं. हाऊजीची पिशवी रिकामी होते, ह्याची होत नाही.

हाऊजीत ९० सोंगट्या. ४७ निघाला की तो बाहेर. परत येणार नाही. त्यामुळे प्रत्येक पुकाऱ्यागणिक तुमचा उरलेला आकडा जवळ येतो. शेवटी दहा सोंगट्या उरल्या असतील तर पुढच्याच पुकाऱ्याला दहात एक संधी, मग नवात एक. वाट बघणाऱ्याला खेळ काहीतरी देतो. आणि कोणाचं तरी फुल हाऊस होतंच. खेळ संपतोच.

इथे प्रत्येक फिरकीला सगळे पंधरा आकडे परत खिडकीत. ५२ दोनदा आला म्हणालात, तो त्यामुळेच. जोकर बाजूला ठेवला तर ५३ ची संधी पहिल्या फिरकीला पंधरात एक, नवव्याला पंधरात एक, नव्वदाव्यालाही तेवढीच. मनात मात्र हाऊजीचंच गणित चालू असतं की इतके झाले, आता येईलच. लहानपणापासून हाडात मुरलेली सवय आहे आणि हाऊजीत ती बरोबरही असते. इथे तीच महागात पडते.

नऊ फिरक्यांत ५३ एकदाही न येण्याची शक्यता: चौदा-पंधरांशचा नववा घात, म्हणजे सुमारे ५४ टक्के. बाळ आणि ड्रॅगन धरले तरी निम्म्याच्या आसपास. तुमचं नशीब त्या रात्री वाईट नव्हतं, साधारण होतं.

---

आकडेमोड | २२/०२ – २३:५१

राहिलंच. त्या शिडीवर दहानंतर थेट फुल हाऊस होतं का? अकरावी पायरी नसणार.

---

मृण्मयी_लेस्टर | २३/०२ – ०७:१५

हो! दहाच्या वर थेट फुल हाऊस. मला वाटलं मोठ्या मनाने एक पायरी माफ केली. कामावर निघालेय, रात्री वाचते नीट.

---

आकडेमोड | २३/०२ – ०९:०२

माफ वगैरे काही नाही. पाच आडव्या, पाच उभ्या, दोन तिरक्या, मिळून बारा ओळी. पण एकच चौकोन उरला असेल तर तो निदान एका आडव्या आणि एका उभ्या ओळीत असतोच. म्हणजे तो नसताना जास्तीत जास्त दहा, तो आला की एकदम बारा. अकरा ओळी होणं अशक्य आहे.

ह्यातूनच जोकर कुठे वापरायचा तेही निघतं. मधला चौकोन चार ओळींत असतो. तिरक्यांवरचे बाकीचे आठ तीन-तीन ओळींत. उरलेले सोळा फक्त दोन-दोन. बाळ आलं आणि कुठलीच ओळ पुरी होत नसेल तर आधी मधला, मग तिरक्यांवरचे. बिनपैशाच्या आवृत्तीत जरूर करून बघा, मजा येते. एवढंच कौशल्य आहे ह्या खेळात.

आता किंमत. दहा ओळींचे १० तुमचेच होते, म्हणजे ५३ मुळे वाढणार होते ५०. पन्नास भागिले पंधरा, ३.३३. त्यात बाळ-ड्रॅगनची थोडी शक्यता आणि खेळ चालवणाऱ्याची थोडी कमाई घातली की ३.८५ च्या आसपास येतं. तुम्हाला लुबाडण्यासाठी कोणी आकडा फुगवलेला नाही. उलट किंमत इतकी चोख बसवलेली असते की ती कधीच ‘छे, फार महाग’ अशी वाटत नाही. ५० पेन्सच्या खेळात एका बटणाला ३.८५ देतोय, म्हणजे मूळ तिकिटाच्या साडेसात पटीहून जास्त, हे त्या क्षणी कोणाच्या डोक्यात येणार? डोक्यात असतात ते ६०.

---

शनिवारचा_राजा | २३/०२ – १३:२०

थोडा वेगळा सूर लावतो. मी रेडिंगला असतो, असले खेळ दोन वर्षं खेळतोय. दर शनिवारी ५ पौंड, संपले की संपले. एका बिअरएवढे. जादा फिरकी एकदाही घेतलेली नाही. ज्याला थांबता येतं त्याने खेळावं, उगाच धाग्याचं कीर्तन करू नका.

---

आकडेमोड | २३/०२ – १३:४४

जादा फिरकी घेत नाही म्हणता, म्हणजे तुम्ही वेगळाच खेळ खेळताय. तुमचं मत मान्य. एक भर फक्त. ‘परतावा ९५ टक्के’ लिहिलेलं असतं ते एका फेरीचं असतं. दहा पौंड फिरवले, आले ते परत फिरवले, असं दहा वेळा केलं तर सरासरी सहाच उरतात. तुम्ही पाचावर थांबता, म्हणून ते तुम्हाला कधी दिसलं नाही.

---

ग्वांगझौचा_डोंबिवलीकर | २३/०२ – १९:१०

वाचतोय, रोचक धागा. मी दिव्यांच्या धंद्यापायी अकरा वर्षं ग्वांगझौला काढली, म्हणून गणितात न पडता सजावटीवर बोलतो.

मृण्मयी, त्या पडद्यावर पंजा हलवणारी सोनेरी मांजर होती का? असणारच. ती जपानी आहे, मानेकी-नेको. जगभरच्या चिनी दुकानांत बसते म्हणून सगळ्यांना चिनी वाटते. आणि लाल कागदावर एक अक्षर उलटं टांगलेलं असेल, ते ‘फू’, म्हणजे भाग्य. ते छपाईची चूक म्हणून उलटं नसतं. ‘उलटा’ आणि ‘आला’ ह्या दोन शब्दांचा चिनीत उच्चार सारखा, ‘दाओ’. उलटं लावलं की भाग्य आलं. आपल्याकडे लिंबू-मिरची टांगतात तसंच दारावर लावतात, फक्त हे बोलावण्यासाठी.

आठाचा उच्चार ‘बा’, तो संपत्ती मिळवण्यातल्या ‘फा’ च्या जवळचा, म्हणून आठाचं वेड. बीजिंग ऑलिंपिकचं उद्घाटन ८/८/२००८ ला रात्री ८ वाजता ठेवलं होतं. चार म्हणजे ‘सी’, आणि मृत्यूही ‘सी’, सूर तेवढा वेगळा. माझ्या इमारतीत चौथा मजला नव्हता, चौदावाही नव्हता. मी पाचव्यावर राहायचो, म्हणजे खरं तर चौथ्यावरच. स्वस्तात मिळालं असतं सरळ चौथा म्हणाले असते तर.

गंमत म्हणजे काकांच्या बंडूनानांच्या जाड्या बायका, ८८, चीनमध्ये दुहेरी भाग्य. पण ह्या खेळात आकडे ७५ लाच संपतात, त्यामुळे बिचाऱ्यांना ८८ चौकोनात बसवता येत नाही. मग ते बक्षिसाच्या रकमेत घुसवतात.

---

मृण्मयी_लेस्टर | २३/०२ – २०:३८

मांजर होती. आणि सगळ्यात वर ‘८८८’ लिहिलेला कलश होता, तो मी एकदाही जवळून पाहिला नाही. 🙂

@आकडेमोड, पिशवीचं वाचून खरंच फोन खाली ठेवला मिनिटभर. मी त्या रात्री अगदी तेच म्हणत होते, ‘५२ झाला, ५४ झाला, आता मधलाच राहिला’.

---

ग्वांगझौचा_डोंबिवलीकर | २३/०२ – २१:२५

पिशवीचा मुद्दा निघालाय तर एक जुनी गोष्ट सांगतो. ह्या खेळाला चिनी कपडे वरून चढवलेत, पण आकडे खुडायच्या जुगाराचं एक खरंखुरं चिनी घराणं आहे. एकोणिसाव्या शतकात ग्वांगडोंग आणि मकाऊकडे ‘पांढऱ्या कबुतराचं तिकीट’ नावाची सोडत चालायची. तिकिटावर आकडे नसत, ८० अक्षरं असत. ती कुठली, तर ‘हजार अक्षरांचा पाठ’ म्हणून सहाव्या शतकातली एक रचना आहे, पोरांना अक्षर शिकवायला घोकून घ्यायचे, तिची पहिली ८० अक्षरं. त्या रचनेत एकही अक्षर दोनदा येत नाही, म्हणून सोडतीला अगदी सोयीची. आपल्याकडे कोणी मुळाक्षरांच्या तक्त्यावर सट्टा लावावा, ‘क कमळाचा’ वर दोन आणे, तसं.

अमेरिकेत मजुरीला गेलेल्या चिनी लोकांबरोबर ती सोडत तिकडे गेली, आणि तिचंच पुढे नेवाडात केनो झालं, म्हणजे कसिनोतला आकडे निवडायचा खेळ. केनोत आजही आकडे बरोबर ८०.

आणि चीनच्या मुख्य भूमीवर? कसिनो नाही, असला पैशाचा ऑनलाइन खेळ नाही. सरकारी लॉटऱ्या दोन, एक कल्याणनिधीची, एक क्रीडेची. कसिनोला जायचं तर मकाऊ. नववर्षाला घरोघरी माहजोंग हा सोंगट्यांचा खेळ मात्र रंगतो, थोडेफार पैसे लावून. माझ्या घरमालकीणबाई त्यात बहात्तराव्या वर्षी सुनेला लुटायच्या.

---

पणजीची_पूर्वा | २४/०२ – १०:१२

आमच्याकडे मकाऊ दारातच आहे. मांडवीत उभ्या असलेल्या कसिनोच्या बोटी रात्री अशाच लाल-सोनेरी उजळतात. गोंयकारांना खेळायला आत जायची २०२० पासून बंदी, त्यामुळे आम्ही किनाऱ्यावरून भजी खात बघतो.

---

जुना_खेळाडू | २४/०२ – ११:४७

इतिहासात एक भर. हा बिंगो-स्लॉट प्रकार नवा नाही. ‘स्लिंगो’ नावाने १९९४ मध्ये न्यू जर्सीतल्या साल फाल्सिल्या ह्या बांधकाम व्यावसायिकाने तो शोधला. स्लॉट अधिक बिंगो, स्लिंगो. नव्वदीत एओएल ह्या इंटरनेट सेवेवर तो बिनपैशाचा खेळ म्हणून गाजला. मी न्यू जर्सीतच शिकत होतो, डायल-अप जोडून रात्री खेळायचो, फोन अडकला म्हणून रूममेट बोंबलायचा. २०१५ मध्ये एका ब्रिटिश कंपनीने हक्क घेतले आणि पैशाच्या आवृत्त्या आल्या. आता त्या धर्तीचे खेळ इतरही बनवतात, आणि मृण्मयींचा त्यातलाच कुठला तरी दिसतोय.

तेव्हा जोकरबरोबर एक सैतानही यायचा, तो गुण निम्मे करायचा. पैसे नव्हते तरी त्याला शिव्या घालायचो.

---

नवा_पाहुणा_७ | २४/०२ – १२:०३

पुण्यातून कसा खेळायचा? लिंक द्या ना कोणीतरी. व्हीपीएन लावून चालेल का?

---

कायद्याचं_बोला | २४/०२ – १२:३०

@नवा_पाहुणा, नाही. ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ सरसकट बंद केलेत. नशिबाचा की कौशल्याचा हा जुना वादच त्यात ठेवलेला नाही. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, पण व्हीपीएन लावून कुठल्या तरी बेटावरच्या साइटवर पैसे भरलेस आणि ते अडकले तर दाद कोणाकडे मागणार?

---

व्यवस्थापक | २४/०२ – १२:४१

दुवे देऊ नयेत, मागू नयेत. दोन प्रतिसाद उडवले आहेत. चर्चा चालू द्या.

---

हाउन्स्लोची_आजी | २४/०२ – १६:५५

बाळ मृण्मयी, मी इथे चाळीस वर्षं आहे. आमच्या वेळी बिंगोला हॉलमध्ये जायचं असायचं. बस पकडा, कोट काढा, शेजारची मोरीन चहा आणून देणार, आणि आकडा चुकला तर ती कोपराने ढोसणार. साडेनऊला घरी. तुझ्या फोनला कोपर नाही.

बरं, कामाचं. माझ्या भाच्याला हे लागलं होतं तेव्हा ‘गॅमस्टॉप’ वर नाव घातलं. एकदा नोंदवलं की ब्रिटनच्या परवान्याच्या सगळ्या ऑनलाइन साइट बंद. सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं, आपण निवडायचं. मधे रडलं तरी उघडत नाही. बँकेच्या ॲपमध्येही जुगाराचे पैसे अडवायची सोय असते, ती चालू कर. पैसे लागत नाहीत कशालाच.

---

शनिवारचा_राजा | २४/०२ – १९:१८

इथे नियमही बरेच आवळलेत हो. २०२१ पासून स्लॉटमध्ये आपोआप फिरवायची सोय बंद, दोन फिरक्यांत निदान अडीच सेकंद. लावलेत त्याहून कमी परत आले तर झांजा-फटाके वाजवायला मनाई. एप्रिल २०२५ पासून एका फिरकीला कमाल ५ पौंड, पंचविशीच्या आतल्यांना मेपासून २. क्रेडिट कार्ड तर २०२० लाच बंद झालं.

---

मृण्मयी_लेस्टर | २४/०२ – २२:२०

अडीच सेकंद मोजून बघितले आत्ता. ‘ओम नमः शिवाय’ एकदा म्हणून होतं. विचार करायला तेवढा वेळ पुरत नाही, बटण परत दाबायला पुरतो.

आजी, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. गॅमस्टॉप केलं. त्याने एक वर्ष म्हटलं, मी पाच निवडली. नाव, पत्ता, जन्मतारीख भरून दहा मिनिटांत झालं. मग अर्धा तास उगीच फ्रीज उघडत-बंद करत बसले होते.

@शनिवारचा_राजा, तुमच्यावर राग नाही. मलाही डिसेंबरात वाटलं होतं की मी शनिवारवाली आहे.

---

खुसखुशीत | २४/०२ – २२:३१

पहिल्या दिवशीचा विनोद मागे घेतो ताई. पाच वर्षं म्हणजे २०३१. धागा तोपर्यंत वर काढत राहू.

---

मृण्मयी_लेस्टर | २८/०२ – १८:०२

थोडं अवांतर. १९ मार्चला पाडवा आहे, आमच्या मंडळाचा कार्यक्रम त्या वीकांताला. जेवणानंतर हाऊजी ठेवायचं ठरलंय, तिकीट ५० पेन्स, जमतील ते सगळे पैसे बक्षिसात. पुकारायचं माझ्याकडे आलंय. काका, बंडूनानांच्या अजून आरोळ्या आठवत असतील तर पाठवा. मराठी असतील तर फारच छान.

मंडळाचा हाऊजीचा डबा काल घरी आणला. सोंगट्या मोजल्या, ८९ भरल्या. ४४ नाही. त्याच्याऐवजी शर्टाचं पांढरं बटण आहे, त्यावर पेनाने ४४ लिहिलंय, ते पुसट झालंय.

---

ग्वांगझौचा_डोंबिवलीकर | २८/०२ – १८:४०

दोनदा चार! आमच्याकडे असतं तर ती सोंगटी कोणी शोधलीच नसती.

---

गिरगावकर_काका | २८/०२ – २१:१३

७ ला ‘सप्तपदी’, १८ ला ‘गीतेचे अध्याय’, २१ ला ‘बाप्पाचे मोदक’, ६३ ला ‘समोरासमोर’, ३६ ला ‘पाठीला पाठ’. ९० ला बंडूनाना नुसतं ‘गेले’ म्हणायचे. बाकीच्या पत्नीला विचारून टाकतो, ती झोपलीय.

आणि ते बटण पिशवीत हाताला लागतं बरं का, सोंगटीपेक्षा हलकं असतं. पुकारताना डोळे मिटून घ्या.